तंजावरच्या जुन्या गांवांत एक दिवस

आमच्या घराण्यांत रामेश्वराची यात्रा पुष्कळांनीं केली. परंतु वाटेवरचें तंजावर कोणीं सावकाश पाहिल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. बृहदीश्वराचें दर्शन घ्यावें, देवळाबाहेरच्या दुकानांतून मान डोलावणारी एखादी बाहुली मुलांसाठीं घ्यावी, आणि दुपारच्या गाडीनें पुढें चालूं लागावें, असा वडीलधाऱ्या मंडळींचा परिपाठ. पहिल्या खेपेस मींहि तेंच केलें. गेल्या पौषांत आत्याबाईंना घेऊन रामेश्वराहून परततांना मात्र एक अख्खा दिवस हाताशीं राहिला, आणि एका स्नेह्याच्या ओळखीनें आम्हांस एक उत्तम वाटाडे मिळाले. त्या दिवसाची हकीकत येथें देत आहें. दक्षिणेची यात्रा योजणाऱ्या कुटुंबांस ती उपयोगीं पडावी.

आमचे वाटाडे हे एक निवृत्त शिक्षक. वय सत्तरीच्या पुढें. पांढरी वेष्टी, खांद्यावर उपरणें आणि ऊन असो वा नसो, हातांत छत्री. गांवांत त्यांस सर्व जण ‘राव सार’ म्हणतात. पाहुण्यांस जुनें गांव पायीं हिंडवून दाखवावें, ही त्यांची हौस. घरची भाषा मराठी. पण तिच्या उच्चारांत तमिळची लय इतकी मुरलेली, कीं पहिलीं दहा मिनिटें आत्याबाई नुसत्याच मान हालवीत होत्या. पुढें कान सरावला. “आमचे पूर्वज एकोजी राजांच्या मागोमाग आले, एवढें ठाऊक आहे. कोणत्या गांवाहून, तें घरांत कोणास माहीत नाहीं,” असें त्यांनीं आरंभींच सांगितलें. त्यांच्या या वाक्याचें महत्त्व मला संध्याकाळीं कळावयाचें होतें.

सकाळीं सहा वाजतां आम्ही मोठ्या देवळापाशीं होतों. तंजावरचें जुनें गांव म्हणजे दोन किल्ल्यांची जोडी. नैर्ऋत्येस लहान किल्ला. त्यांत बृहदीश्वराचें देऊळ आणि शिवगंगा तलाव. त्याला लागून मोठा किल्ला. त्यांत राजवाडा व वस्ती. राजवाड्याभोंवतीं पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असे चार राजरस्ते. तट आतां पुष्कळसा पडला आहे व खंदक जागजागीं बुजला आहे, तरी हे चार रस्ते लक्षांत ठेवले कीं परका माणूस गांवांत चुकत नाहीं.

देवळाविषयीं मी थोडक्यांतच लिहितों, कारण त्याचें वर्णन सर्वत्र मिळतें. राजराज चोळानें तें बांधविलें, आणि १०१० मध्यें तें पूर्ण झालें. दोनशें फुटांहून उंच विमान सकाळच्या कोवळ्या उन्हांत मधासारखें दिसत होतें. राव सारांनीं आम्हांस शिखराकडे फार वेळ पाहूं दिलें नाहीं. ते म्हणाले, “वर सगळेच पाहतात. आपण खालीं पाहूं.” खालीं, जोत्याच्या दगडांवर, चोळांचे तमिळ लेख कोरलेले आहेत. कोणीं काय दान दिलें, कोणत्या दिव्याला किती तूप, याची ती चोख वही आहे. देवाच्या सेवेस आणलेल्या चारशें नर्तकींचीं नांवें, प्रत्येकीच्या घराचा रस्ता आणि क्रमांक यांसह, तींत नोंदलेलीं आहेत. हजार वर्षांपूर्वीं हयात असलेल्या एका बाईचा पत्ता आजहि वाचतां येतो, याचें आत्याबाईंस मोठें नवल वाटलें.

तेथून आम्ही प्राकाराच्या भिंतीकडे वळलों. आत्याबाई एकाएकीं थबकल्या. “अरे, हें तर बालबोध!” असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले, आणि त्या बोटानें एकेक अक्षर लावूं लागल्या. परमुलखांत आपली लिपि अशी अवचित भेटली, म्हणजे माहेरचें माणूस बाजारांत दिसावें तसें होतें. हा भोसले वंशाच्या चरित्राचा मराठी शिलालेख. सरफोजी राजांनीं १८०३ मध्यें तो कोरविला. मराठींतील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

या लेखाचें मर्म त्याच्या सालांत आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी, म्हणजेच एकोजी राजे, विजापूरकरांच्या वतीनें दक्षिणेंत उतरले आणि १६७५ च्या सुमारास तंजावर त्यांच्या हातीं आलें. पुढें पाऊणशें वर्षें त्यांचे वंशज स्वतंत्रपणें नांदले; नंतर अर्काटचा नबाब आणि इंग्रज यांच्या ओढाताणींत राज्य खिळखिळें झालें. १७९८ मध्यें सरफोजी गादीवर बसले आणि १७९९ च्या ऑक्टोबरांत त्यांना तह करावा लागला. साऱ्या राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष होनांची नेमणूक आणि वसुलाचा पांचवा हिस्सा. या तहानंतर अवघ्या चार वर्षांनीं त्यांनीं आपल्या कुळाची कथा देवळाच्या भिंतीवर कोरून ठेविली. राज्य हातांतून गेलें. तें आपण कोण होतों हें तरी दगडावर राहावें, असें त्यांस वाटलें असेल. राव सार एवढेंच म्हणाले, “कागद जळतो, माणूस मरतो. राजांना हें ठाऊक होतें.”

देवळाच्या उत्तरेस शिवगंगेच्या बागेजवळ श्वार्ट्‌झचें चर्च आहे. सोंवळ्यांतल्या आत्याबाई बाहेरच थांबल्या. मी आंत गेलों. श्वार्ट्‌झ हा जर्मन मिशनरी. तुळजाजी राजांनीं १७८७ मध्यें मरतेसमयीं आपल्या दत्तक मुलाचा, म्हणजे सरफोजींचा, सांभाळ करण्यास त्याला विनविलें. चुलत्याच्या पहाऱ्यांत कोंडलेल्या त्या मुलाला श्वार्ट्‌झनें सोडविलें, शिकविलें, आणि त्याच्या हक्कासाठीं शेवटपर्यंत खटपट केली. राजे आपल्या धर्मांतच राहिले. परंतु गुरूला विसरले नाहींत. श्वार्ट्‌झ १७९८ मध्यें वारला, तेव्हां त्यांनीं फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलें. मरणशय्येवर पडलेला वृद्ध आणि त्याचा हात हातांत घेऊन उभा असलेला तरुण राजा, असा तो देखावा आहे. मीं बाहेर येऊन हें सांगितलें, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, “गुरूचें ऋण फेडलें म्हणावयाचें. मग काय झालें, देऊळ असो कीं चर्च!” आणि त्या स्वतःच दारापर्यंत येऊन आंत डोकावून गेल्या.

पश्चिम राजरस्त्यानें चालतांना सकाळचे कोलम अजून ओले होते. येथें बंगारु कामाक्षीचें लहानसें देऊळ आहे. कांचीची ही सुवर्णमूर्ति परचक्राच्या भयानें दक्षिणेकडे आणिली गेली आणि तुळजाजींच्या काळीं तंजावरांत स्थिरावली. तिचे पुजारी श्यामा शास्त्री. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीपैकीं एक. ते १८२७ पर्यंत हयात होते आणि याच परिसरांत राहत होते. दुसरे त्यागराज, येथून सात-आठ मैलांवर तिरुवैयारु येथें. सरफोजींनीं दरबारीं बोलाविलें असतां त्यांनीं धनापेक्षां रामाची सन्निधि थोर मानून नकार दिला, अशी कथा सर्वतोमुखीं आहे. दरबाराचें आमंत्रण नाकारणारा जेथें दरबाराच्या उशाशीं निर्भयपणें गात राहतो, तेथील राजा लहान मनाचा खास नसला पाहिजे.

मराठ्यांनीं येथें आपली भाषा कोणावर लादली नाहीं, ही गोष्ट राव सार वारंवार सांगत. दप्तर मराठींत, पण दरबारांत संस्कृत, तेलुगु आणि तमिळ यांचाहि मान. एकोजींचे पुत्र शहाजी राजे स्वतः ग्रंथकार होते. पांच भाषा बोलणारीं पात्रें ज्यांत आहेत असें एक नाटक त्यांच्या नांवावर आहे. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हें त्यांचें मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचें. विष्णुदास भावे यांचें ‘सीतास्वयंवर’ सांगलीस १८४३ मध्यें झालें, म्हणजे त्याआधीं सुमारें दीडशें वर्षें तंजावरांत मराठी नाटक लिहिलें गेलें होतें! देण्याघेण्याचें हें नातें दुहेरी होतें. आपल्या कीर्तनाच्या ढंगानें तमिळ हरिकथेला नवें रूप आलें. साकी, दिंडी, ओवी, अभंग हीं वृत्तें आजहि तेथील भागवत त्याच नांवांनीं गातात. सांबाराला संभाजी राजांचें नांव मिळालें, ही गोष्टहि राव सारांनीं सांगितली. पण “याला कागदाचा आधार नाहीं, केवळ गंमत म्हणून ऐका,” असें बजावण्यास ते चुकले नाहींत. वाटाड्यांत हा गुण दुर्मिळ.

दहाच्या सुमारास आम्ही पूर्व राजरस्त्यावरून राजवाड्यांत शिरलों. मूळ वाडा नायक राजांचा; मराठ्यांनीं तो वाढविला. आज त्याचा कांहीं भाग संग्रहालय, कांहीं कचेऱ्या, आणि कांहीं केवळ गवत व कबुतरें यांचा आहे. नायकांच्या दरबारांत चोळकालीन ब्राँझच्या मूर्तींचा अपूर्व संग्रह आहे, आणि त्याच वास्तूंत सरफोजींचा संगमरवरी पुतळा उभा आहे. हाहि फ्लॅक्समनच्याच हातचा. डोईवर तिकोनी पागोटें, हात जोडलेले. इतर राजांचे पुतळे तलवार उगारतात. हे राजे येणाऱ्याजाणाऱ्यास नमस्कार करीत उभे आहेत.

खरा नमस्कार करावयाची जागा मात्र शेजारींच आहे. सरस्वती महाल! नायकांच्या काळचा सरस्वतीभांडार सरफोजींनीं असा वाढविला, कीं हिंदुस्थानांतील थोर ग्रंथालयांत त्याची गणना व्हावी. काशीयात्रेस गेले तेव्हां त्यांनीं तेथूनहि पोथ्या जमविल्या. ताडपत्रें, कागदी पोथ्या, इंग्रजी, फ्रेंच ग्रंथ, आणि त्यांवर राजांची स्वतःची इंग्रजी सही. एकट्या मराठी पोथ्या तीन हजारांवर. १९१८ मध्यें हें ग्रंथालय सर्व लोकांस खुलें झालें. प्रदर्शनांतल्या कांहीं वस्तु पाहिल्या म्हणजे त्या राजाच्या जिज्ञासेचा अंदाज येतो. त्यांनीं धन्वंतरि महाल काढून औषधांचा अभ्यास करविला. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें आणि उपचारांचीं टिपणें येथें जपून ठेविलेलीं आहेत. त्यांनीं छापखाना घातला, आणि इसापच्या गोष्टींचें मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावळि’ या नांवानें १८०६ मध्यें छापविलें. पुण्यांत तेव्हां दुसरा बाजीराव गादीवर होता आणि मराठी मुलाच्या हातीं छापील पुस्तक पडावयास अजून अवकाश होता. तलवार गमावलेल्या राजाला लेखणी, शाळा आणि औषध यांचें महत्त्व आधीं कळलें, हा योगायोग नव्हे.

याच ठिकाणीं तंजावरच्या दप्तराचे मोडी रुमाल आहेत, तेराशेंहून अधिक. धान्य, पगार, अन्नछत्रें, लग्नें, हत्तींचा चारा, गवयांचे मुशाहिरे, अशा एका अख्ख्या संसाराचा तो जमाखर्च. त्यांतील निवडक कागदांचीं भाषांतरें झालीं आहेत. परंतु पुष्कळ रुमाल वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. मोडी जाणणारा माणूस तंजावरांत किती दुर्मिळ झाला आहे, हें सांगतांना राव सारांचा आवाज थोडा खालीं आला.

या राज्याचा शेवटहि कागदांवरच झाला. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्यें निपुत्रिक वारले. सात वर्षांपूर्वीं सातारा ज्या न्यायानें बुडालें, त्याच न्यायानें तंजावर बुडालें. कंपनीनें राज्यच नव्हे, तर राण्यांची खासगी मालमत्ताहि मोहोरबंद केली. कामाक्षीबाई राणीसाहेब स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं मद्रासच्या न्यायालयांत दावा लावला आणि तो जिंकला. सरकार विलायतेस प्रिव्ही कौन्सिलांत गेलें. तेथें १८५९ मध्यें निकाल फिरला. कंपनीला या मालमत्तेवर कायद्याचा हक्क दिसणें अत्यंत कठीण आहे, असें न्यायाधीशांनींच लिहिलें. पण हें राज्यसत्तेचें कृत्य असल्यानें न्यायालयाला त्यांत हात घालतां येत नाहीं, असें म्हणून राणीला रिक्त हस्तें परत पाठविलें. “म्हणजे खरें तुमचें, पण मिळणार नाहीं!” असा आत्याबाईंनीं त्या निकालाचा मराठी तर्जुमा केला. आज भोसले घराण्याकडे राज्य नाहीं. तंजावर प्रांतांतील ८८ देवालयांचें वंशपरंपरेचें विश्वस्तपद तेवढें आहे.

दुपारीं विसांवा घेऊन, पूर्वेच्या जुन्या वेशीजवळची नायककालीन अजस्त्र तोफ पाहून, संध्याकाळीं आम्ही राव सारांच्या घरीं गेलों. लांबट घर, दारापुढें बसावयाचा ओटा, आंत लांकडी खांब. त्यांच्या नव्वदीच्या मातोश्री झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांनीं आत्याबाईंचा हात धरून आपल्याशेजारीं बसवून घेतलें. पानावर पिटलें आलें, उडदाचें डांगर आलें, आणि ज्याला ते ‘कोसुमल्ली’ म्हणतात, ती आपली कोशिंबीरहि आली. दोघी वृद्धांचें बोलणें कसें जुळलें, तें मला सांगतां यावयाचें नाहीं. एकीचीं क्रियापदें दुसरीस कळेनात, दुसरीचे तमिळ शब्द पहिलीस कळेनात. परंतु हरताळका, बोडण, तुळशीचें लग्न, हे शब्द आले कीं दोघींच्या माना एकदम हालत.

मातोश्रींनीं आपली गाण्यांची वही दाखविली. मंगळागौरीचीं, पाळण्याचीं मराठी गाणीं, पण लिहिलेलीं तमिळ अक्षरांत. तमिळांत क, ख, ग, घ या चोहोंना मिळून एकच अक्षर. म्हणून ‘गोपाळ’ आणि ‘कोपाळ’ यांत कागदावर भेद नाहीं. तो म्हणणारीनें जिभेनें राखावयाचा. “मी आहें तोंवर वही वाचतां येते,” मातोश्री म्हणाल्या. “नातवंडें तमिळ वाचतात, पण त्यांना शब्द ठाऊक नाहींत, मग क म्हणावें कीं ग, तें कसें कळावें?”

नंतर राव सारांनीं कपाटांतून एक लाल रुमाल काढला. गांठ सोडतांना त्यांचे हात कांपत होते. आंत पिंवळे पडलेले मोडी कागद, शंभराच्या वर. “आजोबांच्या आजोबांचे. ते राजवाड्याच्या दप्तरीं कारकून होते. आमचें मूळ गांव यांत कोठें तरी असेल. तुम्ही पुण्याचे; तुम्हांला वाचतां येईल, म्हणून सकाळपासून थांबलों.” इतका वेळ त्यांनीं आम्हांस सारें गांव दाखविलें, कशाचा मोबदला घेतला नाहीं, त्यामागें ही आशा होती, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. मीं कागद हातीं घेतला. वरची ‘श्री’ ओळखली. पुढें एक अक्षर मला लागेना. आत्याबाईंनीं चष्मा पुसून पाहिलें. त्यांच्या वडिलांची मोडी सुरेख होती, पण त्यांनीं ती मुलीला शिकविली नव्हती. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा येत होता. शेवटीं मीं खरें तें सांगितलें, “राव सार, आम्हांलाहि येत नाहीं.” त्यांनीं कांहींच दोष दिला नाहीं. “हां, हां. तिकडेहि तसेंच म्हणावयाचें,” एवढें म्हणून ते रुमाल पुन्हा बांधूं लागले.

त्यांच्या परवानगीनें मीं कागदांचीं छायाचित्रें घेतलीं. पुण्यास आल्यावर एका जाणत्या गृहस्थांस तीं दाखविलीं. आतांपर्यंत चार कागद लागले आहेत: भाताचे हिशेब, एका छत्राच्या तेलाचा हिशेब, आणि एका मुलीच्या लग्नांतील देण्याघेण्याची याद. मूळ गांव अजून सांपडलें नाहीं. तरी ती लग्नाची याद मीं देवनागरींत उतरून पाठविली, तेव्हां राव सारांचें उलट पत्र आलें, कीं मुलीचें नांव ऐकून आईनें डोळे पुसले. तेंच नांव त्यांच्या आजीला ठेविलें होतें. मीं स्वतः आतां मोडीच्या वर्गास जातों. पन्नाशीनंतर धुळाक्षरें गिरविणें सोपें नाहीं. परंतु पांचवा कागद आपण वाचावा, अशी ईर्षा धरली आहे.

वाचकांपैकीं ज्यांनीं सज्जनगड पाहिला असेल, त्यांनीं नकळत तंजावरचा एक अंश पाहिलाच आहे. गडावरील राममूर्ति समर्थांच्या निर्याणाच्या थोडे दिवस आधीं तंजावरहून घडवून आल्या, असें रामदासी संप्रदायांत सांगतात. त्या ऋणाची आठवण ठेवून रामेश्वराच्या वाटेवर एक दिवस तंजावरास द्यावा, आणि तो पायीं हिंडण्यांत घालवावा. आणि जाण्यापूर्वीं एकदां आपल्या घरच्या माळ्यावर चढून पाहावें. तेथेंहि एखादा लाल रुमाल असेल, आणि त्याची गांठ आपल्या आजोबांनंतर कोणीं सोडली नसेल.